आज आमेन नको

पाळकसाहेब, मंडळीतली वडीलधारी माणसं, आणि मागे दाराशी उभे असलेले तुम्ही सगळे, सलाम. जय भीम. नमस्कार. तिन्ही म्हणते, कारण सुमतीबाई तिन्ही म्हणायच्या. समोर कोण आहे ते बघायच्या आणि ज्याचं त्याला द्यायच्या.

पुढच्या रांगेत जागा आहे. ती पंचांसाठी राखलेली आहे, मला माहीत आहे. पण पंच येऊन बसले, तरी खुर्च्या उरल्या आहेत. मागच्यांनी पुढे यावं. कमलताई, तुम्हीसुद्धा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.

थांबते मी. बसा.

मला बोलणं अवघड जातंय. या जागेवर उभं राहून मी वर्षानुवर्षं बोलले आहे, त्यामुळे तुम्हाला ते खरं वाटणार नाही. पण ते बोलणं नव्हतं. ते काय होतं ते सांगणारच आहे. आज लिहून आणलंय. किती वेळा लिहिलं ते सांगत नाही, बाईंच्या जोडीला बसणाऱ्या शालिनीताई हसतील. एकेक वाक्य तपासलं, की यातून कोणाचं गुपित तर बाहेर पडत नाही ना. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना विचारलं. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं काढून टाकलं. एक गोष्ट मात्र पाळकसाहेबांना विचारायला हवी होती, ती विचारली नाही. का, ते शेवटी कळेल.

गेल्या आठवड्यात आपण बाईंना माती दिली. परत येताना माझ्या कानावर एक वाक्य आलं. कोण बोललं ते महत्त्वाचं नाही. 'बाई फार चांगल्या होत्या, पण त्यांचं काम काही पुढे सरकलं नाही. तीच तीच माणसं, वर्षानुवर्षं.' आणि मग फाटकापाशी सेक्रेटरीकाका भेटले. प्रेमाने म्हणाले, बेटा, मागच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे ना, ती रविवारी आण. खोलीत रविवार शाळेचे बाक आणि साउंड सिस्टीम ठेवायची आहे. आणि बाईंच्या कामाचं काय, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, वर्षातून एकदा शिबिर घेऊ. दोन दिवसांचं. बाहेरून वक्ता बोलावू. दोन दिवसांत माणसं मोकळी होतात.

काका, तुमच्यावर माझा राग नाही.

म्हणजे, आहे. इथे उभी राहून खोटं कशाला बोलू?

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाई इस्पितळात परिचारिका होत्या. नोकरीची बरीच वर्षं जखमा धुण्यात गेली. मग पन्नाशीला येऊन त्यांनी समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं, आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून. आणि इथे भुकूमला, या प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत, दर मंगळवारी बसायला लागल्या. तेव्हा खिडकीतून भाताची खाचरं दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग दिसतं. बाई म्हणायच्या, बरं झालं, गाड्या मोजायला कोणी येत नाही, भात बघायला सगळे डोकावायचे.

त्यांच्याकडे ज्यांच्यावर काही ना काही कोसळलं होतं अशी माणसं यायची. कोणाच्या घरात, कोणाच्या शरीरावर, कोणाच्या डोळ्यांदेखत. काय, ते मी सांगणार नाही. आम्ही त्याला समुपदेशन म्हणत नव्हतो. 'बसणं' म्हणायचो. बाईंकडे बसायला जाते. बास.

बसण्याची रीत अशी. मध्ये ताट. ताटात मोड आलेले कडवे वाल. एका बाजूला बाई, एका बाजूला आपण. दोघींनी वाल सोलायचे. बाईंचं म्हणणं होतं की तोंडाकडे बघून माणूस शिष्टाचाराचं बोलतो, ताटाकडे बघून खरं बोलतो. यावरून त्यांना मंडळीत पुष्कळ चिडवलं गेलं. 'बाईंची बिरड्याची सोय झाली,' म्हणायचे. बाई म्हणायच्या, 'झालीच आहे. तुम्हीपण या, मला मटारही सोलून हवेत.'

सुरुवातीला प्रार्थना असायची, छोटी. शेवटीही असायची. ज्याला नको त्याच्यासाठी नसायची, पण बहुतेकांना हवी असायची, ख्रिस्ती नसलेल्यांनासुद्धा. आणि आता ती गोष्ट येते जिच्यावरून एवढं रामायण झालं.

कमलताई नांद्याहून यायच्या. त्या इथे बसल्या आहेत. काल मी त्यांना विचारलं, ताई, तुमचं हे सांगू का? म्हणाल्या, 'सांग की. मी काय चोरी केलीय व्हय?' तर सांगते.

कमलताई पहिल्यांदा आल्या तेव्हा सुरुवातीचे किती तरी मंगळवार गप्प बसल्या. वाल सोलले आणि गेल्या. मग एका मंगळवारी, वेळ संपत आली असताना, त्या बोलायला लागल्या. दोन-तीन वाक्यं झाली. बाईंनी नेहमीसारखी प्रार्थना केली, आमेन म्हटलं, आणि ताट उचललं. कमलताई उठल्या नाहीत. म्हणाल्या, 'बाई, एक इचारू का? आमेन म्हंजे काय वं? सुट्टी व्हय?'

बाई हसल्या. कमलताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'न्हाई, तुमी आमेन म्हनता अन उठता. मंजी तुमचं झालं. माझं आत्ता कुटं सुरू झालंय.'

आपण सगळे जन्मापासून आमेन म्हणत आलो. तसंच होवो, असा त्याचा अर्थ आपल्याला पाठ आहे. पण बाहेरून आलेल्या बाईला काय दिसलं? तिला दिसलं की हा शब्द म्हटला की माणसं डोळे उघडतात, चप्पल शोधतात. तिने अर्थ चुकीचा लावला. आणि मी म्हणते, तिने तो आपल्यापेक्षा बरोबर लावला.

बाई पुन्हा खाली बसल्या. ताट खाली ठेवलं. आणि त्या दिवसापासून मागच्या खोलीत आमेन बंद झालं. प्रार्थना व्हायची, आणि जिथे थांबायची तिथे बाई म्हणायच्या, 'आज आमेन नको. उरलेलं पुढच्या मंगळवारी.' मग पुढच्या मंगळवारी तिथूनच सुरू. ज्या दिवशी त्या माणसाला वाटेल की हे आता संपलं, त्या दिवशी त्याने स्वतः म्हणायचं. बाईंनी नाही.

झालं. मंडळीत बोभाटा. बाईंची प्रार्थना अर्धवट असते. आधीचे पाळकसाहेब, जे आता बदलून गेले, ते बाईंना भेटायला आले आणि म्हणाले, प्रार्थनेला शेवट हवा. बाई म्हणाल्या, 'आहे ना, साहेब. आज नाही, एवढंच.'

गावाचं दुसरंच. गाव म्हणायचं, ही बाई बायकांना आत नेते आणि बाटवते. मंडळी म्हणायची, एवढी वर्षं झाली, एकीचा तरी बाप्तिस्मा झाला का? या दोघांनी एकदा एकत्र बसून काय ते ठरवायला हवं होतं. कमलताई तेव्हाही विहारात जात होत्या आणि आजही जातात. मला विचाराल तर बाईंनी त्यांना ख्रिस्ताजवळ जेवढं बसवलं तेवढं आपल्यातल्या कित्येकांना कोणी बसवलेलं नाही. पण ते मोजायचं कसं? मोजता येत नाही म्हणून ते नाही, असं म्हणणार का आपण?

आता माझं. हे लिहिताना मी सारखी थांबत होते. पप्पा, तुम्ही खाली बघितलंत तरी चालेल.

मी पाचवीपर्यंत घरीच शिकले. पप्पा सुवार्तेच्या कामासाठी गावोगाव फिरायचे, आम्ही बरोबर असायचो, मग शाळा कुठली? पप्पांनी वाचायला शिकवलं, आईने गणित. नेऱ्यात स्थिर झालो तेव्हा मी शाळेत गेले, आणि मला आश्चर्य वाटलं की मराठीचा तास संपतो तेव्हा कोणी आमेन म्हणत नाही. आमच्याकडे प्रत्येक धड्याला आमेन होतं. पाढ्यांनासुद्धा.

घरचा अजून एक नियम होता. प्रवासाची प्रार्थना धाकट्याने करायची. धाकटी मी. आणि मी प्रार्थना लांबवायची, कारण मला वाटायचं, एखाद्याचं नाव राहिलं तर त्याला काही तरी होईल. सुहासदादा, माझा मोठा भाऊ, मला पाळकीणबाई म्हणायचा.

आम्ही आत्याकडे कोकणात निघालो होतो, ताम्हिणी घाटातून. चहाच्या टपरीवर थांबलो. परत जीपमध्ये बसलो की परत प्रार्थना, हाही नियमच. गाडी निघाली, मी डोळे मिटले, सुरू केलं. आई, पप्पा, आत्या, आत्याचे सासरे, आत्याची गाभण म्हैस. दादा म्हणाला, 'पाळकीणबाई, आटपा. म्हैस व्याली असेल एव्हाना.' सगळे हसले. मला राग आला. मी ठरवलं, याचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.

रस्ता ओला होता. गाडी घसरली.

आई-पप्पांना लागलं. मला खरचटलंसुद्धा नाही. दादा गेला.

इथल्या सगळ्यांना यातलं पुष्कळ माहीत आहे. अपघात माहीत आहे, मी वाचले ते माहीत आहे. शेवटी घ्यायचं ठरवलेलं नाव माहीत नाही. ते फार वर्षं कोणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही मला 'वाचलेली मुलगी' म्हणायला लागलात. दरवर्षी त्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना व्हायची आणि मी साक्ष द्यायची. नवीन फ्रॉक, नंतर पंजाबी ड्रेस, नंतर साडी. दरवर्षी तेच. प्रभूने मला प्रार्थनेत असताना झेललं. तुम्ही हालेलुया म्हणायचात. आणि मी मनात म्हणायची, ज्याचं नाव घेतलं नाही त्याला झेललं नाही. मी खाली उतरायची आणि आमेन म्हणत राहायची. जिने उतरताना, जेवताना, दात घासताना. त्या एका प्रार्थनेचं आमेन राहिलं होतं ना, ते भरून काढत होते. गॅस बंद केला का ते माणूस पुन्हा पुन्हा जाऊन बघतो, तसं.

एकोणिसाव्या वर्षी मी झोपेनाशी झाले. पप्पांनी मला स्कूटरवर बसवून बाईंकडे आणलं. पहिल्याच दिवशी बाईंनी प्रार्थना केली आणि शेवट केला नाही. मी घाबरून गेले. परतताना पप्पांच्या पाठीमागे बसून सगळा रस्ता आमेन म्हणत गेले. पुढच्या मंगळवारी बाई वालाचं साल काढता काढता म्हणाल्या, 'नेऱ्यापर्यंत माझी प्रार्थना बंद करत गेलीस ना? बंद झाली का?'

मी म्हटलं, नाही.

'मग राहू दे उघडी. मी आहे इथे.'

मंडळी, हे लगेच काही झालं नाही. हेच तर मला सांगायचं आहे. पहिल्या वर्षी मी फक्त झोपेबद्दल बोलले. बाईंनी मला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या घ्याव्या लागल्या. मी म्हटलं, गोळी म्हणजे विश्वास कमी. बाई म्हणाल्या, 'माझा चष्मापण विश्वास कमी म्हणूनच आहे का?' दुसऱ्या वर्षी मी आईबद्दल बोलले. मग हिंजवडीत नोकरी लागली. कंपनीने मोबाइलवर सहा सेशन फुकट दिली. मी तीही घेतली. वाईट नव्हती, श्वास कसा घ्यायचा ते तिथे शिकले, अजून घेते, आत्ताही घेतेय. पण सहावं सेशन झालं तेव्हा मी अजून घाटापर्यंत पोचलेच नव्हते. मी अजून चहाच्या टपरीवर होते. आणि स्क्रीन म्हणत होती, किती तारे द्याल?

टपरीपासून पुढच्या वळणापर्यंत यायला मला चार वर्षं लागली. चार वर्षं, काका. दोन दिवसांच्या शिबिरात मी कुठे पोचले असते? मी सांगते कुठे. मी स्टेजवर पोचले असते. रडले असते, सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवले असते, मोकळी झाले म्हणून साक्ष दिली असती. आणि घरी जाऊन पुन्हा नळाखाली तोंड धरून आमेन म्हणत बसले असते.

चौथ्या वर्षी मी ते वाक्य बोलले. ताटाकडे बघून. 'मी दादाचं नाव शेवटी ठेवलं होतं.'

तुझी चूक नाही, असं बाई म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं. बायबलातलं एखादं वचनही म्हटलं नाही. बाईंचा नियम होता, वचन ही मलमपट्टी आहे, पण घाणीवर पट्टी बांधली की आत सडतं. आधी धुवायचं. त्यांनी हातातला वाल ताटात ठेवला आणि विचारलं, 'मग? म्हशीनंतर कोणाचं नाव होतं?'

मी म्हटलं, दादाचंच.

'मग घे की. प्रार्थना कुठे संपलीय?'

मी घेऊ शकले नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. दर मंगळवारी बाई प्रार्थना म्हशीपर्यंत आणायच्या आणि थांबायच्या. हसा, हसू येतंच. आम्हालाही यायचं. देवासमोर दर आठवड्याला ती एक म्हैस उभी.

त्याच वर्षी बाई पंचांपुढे गेल्या. काका, तुम्ही होता तिथे. बाई म्हणाल्या, ही पोरगी यापुढे साक्ष देणार नाही. कोणी तरी म्हणालं, पण तिच्या साक्षीने मंडळीला बळ मिळतं. बाई म्हणाल्या, 'मंडळीने दुसरीकडून मिळवावं. ही काय पुरावा आहे का, दरवर्षी काढून दाखवायला?'

मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. माझ्यासाठी कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तरीही प्रश्न थांबला नाही. अजून किती दिवस? तुम्ही विचारलंत, आत्याने विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं. अजून जातेस? अजून बरी झाली नाहीस? पप्पा दर मंगळवारी बाहेर चिंचेखाली स्कूटर लावून थांबायचे, तेही एकदा म्हणाले, अजून किती दिवस, बाळा? मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, 'पप्पांना सांग, उठलेल्या प्रभूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा होत्या. मरण जिंकून आला, तरी खुणा ठेवून आला. आणि शिष्याला म्हणाला, हात लाव. आपण कोण, तीन महिन्यांत पुसून काढणारे?'

मी पप्पांना तसंच सांगितलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी स्कूटर लावली, आणि माझ्या मागोमाग आत आले. बाईंनी ताट त्यांच्याकडे सरकवलं. पुढे काय झालं ते पप्पांचं आहे. एवढंच सांगायची मला परवानगी आहे, की ते आत आले. आणि त्यानंतर येतच राहिले.

हे ख्रिस्ती काम नव्हतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मला विचारायचं आहे. मग ख्रिस्ती काय? आपला प्रभू रस्त्यात थांबायचा. शिष्य घाई करायचे आणि तो थांबायचा. गर्दीत एका बाईने कपड्याला हात लावला, तर सगळं सोडून उभा राहिला, ती बोलेपर्यंत. तिला बारा वर्षांचं दुखणं होतं. त्याने तिला विचारलं नाही की बारा वर्षं काय करत होतीस. बाईंनी त्याच्याकडून फक्त हे थांबणं घेतलं. बाकीचं तो करील, म्हणायच्या. माझं काम दार उघडं ठेवायचं आणि वाल संपू द्यायचे नाहीत.

आणि 'काम पुढे सरकलं नाही'? अहो, मागे वळून बघा. दाराशी अजूनही किती माणसं उभी आहेत. तुम्हाला ही तीच तीच माणसं वाटतात. ती तीच नाहीत. कमलताई आधी माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या, आता मला रागावतात. परवा मी रडत होते तर म्हणाल्या, 'रड, पर जेवून रड. बाई ओरडंल.' गेलेल्या माणसाच्या धाकाने दोघी जेवलो.

गेल्या वर्षी, एका साध्या मंगळवारी, प्रार्थना म्हशीपाशी आली. बाई थांबल्या. आणि मी म्हटलं, सुहासदादा.

बास. एवढंच. पुढे काही आलं नाही. आकाश वगैरे उघडलं नाही. खिडकीबाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. बाई म्हणाल्या, 'आता आमेन म्हणायचंय तुला?'

मी विचार केला. खरंच विचार केला. आणि म्हटलं, नको. मी त्याचं नाव आत्ता तर घेतलंय. अजून त्याच्याबद्दल काही मागितलंच नाही. त्याच्याशी भांडलेही नाही.

बाई म्हणाल्या, 'शाब्बास.' नऊ वर्षांत पहिल्यांदा शाब्बास म्हणाल्या. आमेन म्हटलं म्हणून नाही. नको म्हटलं म्हणून.

मग त्या आजारी पडल्या. शेवटचं त्यांच्या घरी गेले तेव्हा प्रार्थना मी केली. लांबवली. त्यांनी डोळे मिटूनच हात वर केला. मला वाटलं थांब म्हणतायत. म्हणाल्या, 'कमलच्या सुनेचं राहिलं.' मी ते नाव घेतलं. आणि शेवट केला नाही. त्यांनीही केला नाही.

तर आता किल्ली.

काका, ही बघा. माझ्याकडेच आहे. खोली मंडळीची आहे, हे मी नाकारत नाही. मी कायदा मोडणारी मुलगी नाही, मला रस्ता ओलांडतानासुद्धा धडधडतं. तुम्हाला किल्ली हवी असेल तर ती मिळेल. पण इथे नाही मिळणार. मंगळवारी चार वाजता मागच्या खोलीवर या. शालिनीताई तिथे असतील. त्या शिकलेल्या समुपदेशक आहेत, बाईंबरोबर कितीक वर्षं बसल्या आहेत, आणि पिंपरीहून दर मंगळवारी यायला तयार आहेत. मी समुपदेशक नाही. मी दार उघडीन, चहा करीन, शिकत राहीन. त्यांच्यासमोर ताट घेऊन कोणी तरी बसलेलं असेल. कदाचित पहिल्यांदाच आलेलं असेल. कदाचित अजून टपरीवरच असेल. त्या माणसासमोर किल्ली मागा. मी देईन.

मागता आली तर मागा.

आणि पंचांना एक विनंती. शिबिर घ्या, जरूर घ्या. तिथे कोणी रडलं तर त्याला स्टेजवर बोलावू नका. मागच्या खोलीचा पत्ता द्या.

आता उभे राहू या. बाईंसाठी शांत राहू या. पाळकसाहेब, आपल्या रीतीप्रमाणे या शांततेच्या शेवटी तुम्ही आमेन म्हणता आणि मग आम्ही चपला शोधतो. आज म्हणू नका, एवढी विनवणी आहे. हेच तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही विचार करून सांगतो म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. ज्याचं संपलं असेल त्याने मनात म्हणावं आणि जावं. ज्याचं संपलं नसेल त्याने तसंच उघडं ठेवून जावं. त्यात लाज नाही. विश्वास कमी नाही. उरलेलं मंगळवारी.

वाल मी भिजत घातले आहेत. मंगळवारपर्यंत मोड येतील.

सुमतीबाई, सलाम.